कमल की कलम?

क, म, ल ही तीन अक्षरे कुणी सुटी सुटी हातावर ठेवली, तर त्यांतून ‘कमल’ लिहायचे होते की ‘कलम’, हे कळायला मार्ग नाही. दगडांचेही असेच असते. संगमरवरातले कॅल्साइट घ्या आणि शिंपल्याच्या आतल्या अंगाला चमकणारे ॲरागोनाइट घ्या. दोन्हींत कॅल्शियमचा एक अणू, कार्बनचा एक, ऑक्सिजनचे तीन. रासायनिक हिशेबाने दोघे एकच. पण अणूंची मांडणी वेगळी, म्हणून खनिजे वेगळी, आणि ती कुठल्या परिस्थितीत घडली ती गोष्टही वेगळी.

परग्रहावर पाठवलेल्या यंत्राला हा पेच दगडाला हात न लावता, काही मीटर लांबून सोडवता यावा, या हट्टातून जे उपकरण घडले त्याचे नाव सुपरकॅम. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या डोक्यावर ते बसवलेले आहे. दुर्बीण, लेसर आणि मायक्रोफोन वर, मस्तकात. वजन साधारण ५.६ किलो. वर्णपट मोजणारी यंत्रे खाली पोटात, ती ४.८ किलोची. वरचा भाग फ्रान्समध्ये झाला, खालचा अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत, आणि दोन्हींना जोडतात प्रकाश वाहून नेणारे काचतंतू. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी तसा मी या उपकरणाच्या आलेखांकडे आणि ध्वनिमुद्रणांकडे वळत आलो आहे. त्याची गोडी मला जिथे जाणवते, ती जागा दाखवायची आहे.

आधी अक्षरे वाचण्याचा भाग. गॅसवरची आमटी उतू गेली की निळी ज्योत क्षणात पिवळी-नारिंगी होते, हे आपण रोज पाहतो. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपापल्या ठरलेल्या रंगरेषांत उजळते. लेसरची पद्धत याच तत्त्वावर चालते, फक्त ज्योतीच्या जागी ठिणगी असते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग. अशा चार-पाच नॅनोसेकंदांचा इन्फ्रारेड झोत दगडावर अर्ध्या मिलिमीटरहून लहान ठिपक्यात एकवटला, की तिथला दगड वाफ होऊन चमकतो. त्या वाफेचे तापमान दहा हजार अंशांच्या घरात जाते. तिचा प्रकाश दुर्बिणीने टिपायचा, रंग सुटे करायचे, की मूलद्रव्यांची यादी हातात.

हे काम मंगळावर पहिल्यांदा केले ते सुपरकॅमच्या थोरल्या भावाने, क्युरिऑसिटी रोव्हरवरच्या केमकॅमने. १९ ऑगस्ट २०१२ रोजी ‘कोरोनेशन’ असे नाव दिलेल्या मुठीएवढ्या दगडावर त्याने दहा सेकंदांत तीस ठिणग्या पाडल्या. पहिल्या ठिणगीत हायड्रोजन दिसला, पुढच्या ठिणग्यांत तो नव्हता. कारण पहिली ठिणगी वरच्या धुळीची होती. तिच्याच धक्क्याने धूळ उडाली आणि खालचा खरा दगड उघडा पडला. देवघरातली मूर्ती आधी पुसून मग तिचे डोळे पाहावेत, तसे हे उपकरण पुसणे आणि पाहणे एकाच कृतीत करते. ही योजना मला फार सुंदर वाटते.

केमकॅमची आणखी एक आठवण सांगायलाच हवी. २०१४च्या अखेरीस त्यातला नेम साधणारा छोटा लेसर निकामी झाला. मोठा लेसर ठणठणीत होता, पण अंतर कळेना, मग ठिणगी एकवटणार कशी? काही महिने प्रत्येक लक्ष्यावर नऊ वेगवेगळ्या अंतरांवर नेम धरून, त्यांतला जमलेला निवडून काम चालवले गेले. मग मे २०१५मध्ये पृथ्वीवरून नवी आज्ञावली धाडली गेली. उपकरणाने स्वतःच टिपलेल्या छायाचित्रांतला सर्वांत रेखीव कोणता ते पाहून स्वतःच नेम धरायचा. कोट्यवधी किलोमीटर लांबच्या यंत्राला नवीन सवय लावायची आणि ती त्याला लागावी, यात करणाऱ्यांचे कसब तर आहेच. त्याहून जास्त दिसते ते जीव लावणे.

आपल्या चांद्रयान-३च्या प्रज्ञान रोव्हरवरही हीच ठिणगीची पद्धत होती, बंगळुरूच्या इस्रोच्या प्रयोगशाळेत घडवलेली. ऑगस्ट २०२३मध्ये तिने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचे जागेवरच दाखवले. सव्वीस किलोच्या रोव्हरवर हे बसवणे सोपे नव्हतेच, शिवाय चंद्रावर हवा नाही. ठिणगीची वाफ निर्वातात क्षणार्धात पांगते आणि तिचा उजेड मंदावतो. मंगळाची विरळ हवा मात्र या कामाला जणू बेतून दिल्यासारखी आहे: ठिणगी दबून जाऊ नये इतकी पातळ, आणि तिला आवर घालायला पुरेशी.

पण यादी म्हणजे अक्षरे. शब्द कोणता?

इथे सुपरकॅमचा दुसरा स्वर सुरू होतो. १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा तोच इन्फ्रारेड लेसर एका स्फटिकातून जातो आणि त्याची कंपनसंख्या दुप्पट होते. लहर निम्मी, ५३२ नॅनोमीटर. संगीत शिकलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. मध्य सप्तकाच्या षड्जाची कंपने दुप्पट केली की तार षड्ज. डोळ्यांना न दिसणारा लेसर एक सप्तक वर चढतो आणि झगझगीत हिरवा होऊन बाहेर पडतो. हा हिरवा झोत मुद्दाम एकवटलेला नसतो. काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर तो नुसता पडतो. जाळत नाही, खणत नाही.

बहुतेक प्रकाश आहे तसाच परत फिरतो. पण कोट्यवधी फोटॉनांतला एखादा स्फटिकातल्या अणूंच्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन येतो आणि तेवढा रंग बदलून परततो. त्या बदलाला मांडणीची खूण असते. कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरच्या संस्थेत सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी द्रवांमधून येणारा हा क्षीण, परका रंग हेरला, आणि २८ फेब्रुवारी १९२८ हा त्याचा दिवस ठरला. त्याच महिन्यात मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना तो क्वार्ट्झमध्ये, म्हणजे खनिजातच, सापडला होता. रामन यांच्या हाताशी सुरुवातीला सूर्यप्रकाश, रंगीत काचा आणि स्वतःचे डोळे एवढाच सरंजाम होता. मंगळावर मात्र तोच सूर्यप्रकाश वैरी ठरतो. भर दिवसा, सात मीटर लांबच्या दगडाकडून येणारा इतका बारीक उजेड वेचायचा कसा?

उत्तर आहे वेळेत. सात मीटर जायला आणि सात मीटर यायला प्रकाशाला साधारण ४७ नॅनोसेकंद लागतात. सुपरकॅमच्या प्रकाशवर्धकाची झडप नेमकी त्या घडीला उघडते आणि सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिटते. एवढ्या फटीतून सूर्याचा उजेड आत येऊन येऊन किती येणार? काही खनिजांना लेसर लागला की ती स्वतःच रेंगाळत चमकत राहतात. त्या चमकेचा बराचसा भागही झडपेबाहेर राहतो. तबलजी समेवर येतो तो एका क्षणाला, आधी नाही आणि नंतर नाही. सुपरकॅमची सारी कारागिरी मला त्या समेत दिसते. असे लांबून वाचन करण्याच्या तंत्रावर हवाई विद्यापीठातल्या शिव शर्मा यांनी अनेक वर्षे काम केले, आणि सुपरकॅमच्या चमूतही ते आहेत.

आता एक आलेख जवळून पाहू. ऑलिविन हे बेसाल्टमधले हिरवट खनिज. त्याचा रामन आलेख उघडला की बाकी ओळ जवळजवळ सपाट, आणि मध्येच दोन शिखरे शेजारी शेजारी उभी: रंगबदलाच्या मोजपट्टीवर एक ८२४च्या आसपास, दुसरे ८५६च्या. जात्यावर ओवी गाणाऱ्या दोन बायांसारखी, समोरासमोर, एकीशिवाय दुसरी नाही. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, त्यांच्या श्वासासारख्या ताणण्या-आखडण्याची ही जोडी. ती दिसली की ऑलिविन, दुसरा प्रश्न नको. आणि तिची जागाही बोलकी. मॅग्नेशियमच्या जागी लोखंड येऊ लागले की जोडी हळूहळू डावीकडे सरकते. निव्वळ लोखंडी ऑलिविनमध्ये ती ८१५ आणि ८३८पर्यंत येते. म्हणजे शिखरांच्या आकाराने खनिज कळते, आणि चार-दोन आकड्यांच्या सरकण्याने त्यातल्या लोखंडाचे प्रमाण. शब्दही कळला, उच्चारही कळला.

जेझेरोच्या तळाशी ‘सेईता’ नावाचा भाग आहे; नावाहो भाषेत त्याचा अर्थ वाळूच्या मध्ये. तिथल्या दगडांत ही जोडी उमटली. रोव्हरवरच्या उपकरणांनी मिळून सांगितले ते असे: वितळलेल्या खडकाच्या साठ्यात ऑलिविनचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दाणे जड म्हणून तळाला बसले, थर झाला, आणि पुढे पाण्याने त्याच्या कडा बदलून तिथे कार्बोनेट केले. ज्या विवरात तळ्याचा गाळ मिळेल अशी आशा होती, तिथे आधी अग्निजन्य खडक भेटला.

मांडणी वाचण्याचे मोल किती, हे आपल्या बुलढाण्यातल्या लोणारला नीट कळते. बेसाल्टमध्ये आघाताने झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर मंगळाच्या अभ्यासकांना फार जवळचे आहे. आघाताच्या धक्क्याने तिथल्या फेल्डस्पारचे स्फटिक मोडून त्यांची मॅस्केलिनाइट नावाची काच झाली. मूलद्रव्ये तीच, प्रमाणे तीच. ठिणगीला विचारले तर ती फेल्डस्पारचीच अक्षरे सांगेल. रामन आलेखात मात्र तीक्ष्ण शिखरे जाऊन बसके उंचवटे उरतात. शब्द पुसला गेल्याचे कळते, आणि पुसला कशाने तेही. हे मॅस्केलिनाइट प्रथम ओळखले गेले ते बिहारात शेरघाटीला १८६५मध्ये पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी मंगळावरून आलेला निघाला.

या उपकरणाचे कौतुक करताना त्याची उणीव झाकायची नाही. हिरवा स्वर नाजूक आहे. ऑलिविन, कार्बोनेट, सल्फेट यांसारखी सुरेल खनिजे ठळक दिसतात, पण बारीक दाण्यांच्या, धुळकट, काळपट दगडात शिखरे खरखरीत बुडून जातात. पुष्कळ ठिकाणी खनिज ओळखण्याचा भार सुपरकॅममधल्याच इन्फ्रारेड वाचनाने, म्हणजे दगडावरून परतलेल्या सूर्याच्या इन्फ्रारेड उजेडाच्या वाचनाने, उचलला आहे. ज्यांना प्रत्येक दगडाची लखलखीत रामन ओळ हवी होती त्यांची थोडी निराशा झाली असेल. मला ती वाटली नाही. ठिणगी, हिरवा झोत आणि इन्फ्रारेड अशा तीन साक्षी एकाच ठिपक्यावर घ्यायच्या आणि जिथे एक गप्प बसेल तिथे दुसरीला पुढे करायचे, ही मूळ रचनाच शहाणी आहे. युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरवरचे रामन उपकरण जवळून, दोन मीटरपर्यंत खणून काढलेल्या मातीचे चूर्ण वाचणार आहे. तिथे हा स्वर जास्त मोकळा लागेल.

शेवटी नादाकडे येतो. माठ घेताना आपण टिचकी मारतो. पाथरवट टाकी घालण्याआधी दगड ठोकून बघतो, आत फट आहे का ते ऐकतो. सुपरकॅमचा मायक्रोफोन हेच करतो. ठिणगीतली वाफ फुगते तेव्हा हवेत बारीक टिचकी उठते. तिच्या जोरावरून दगड किती कठीण, वर वेगळे कवच आहे का, याचा अंदाज घेता येतो. याच टिचक्यांनी मंगळावरचा ध्वनीचा वेगही मोजून दिला. खर्जातले आवाज सेकंदाला सुमारे २४० मीटर जातात आणि टिचकीसारखे उंच पट्टीचे आवाज सुमारे २५० मीटर. तिथे सूर आधी पोहोचतो, खर्ज मागून येतो.

२ मार्च २०२१ रोजी ‘माझ’ या दगडावर, तीन मीटर लांबून मारलेल्या तीस टिचक्यांचे ध्वनिमुद्रण नासाने सर्वांसाठी खुले ठेवले आहे. नावाहो भाषेत ‘माझ’ म्हणजे मंगळ. रात्री घरात सामसूम झाल्यावर हेडफोन लावून ते एकदा ऐका. सगळ्या टिचक्या एकसारख्या नाहीत, काही किंचित मोठ्या आहेत. त्या कोणत्या, ते ओळखून बघा.