फेअरवेची कड

गोल्फच्या मैदानाची रचना ही स्वतंत्र कला म्हणून मान्य होऊन शतक उलटले, तरी तिची समीक्षा ग्रीनचे उतार, वाळूच्या बंकरांची घडण आणि मैदानाचा देखावा यांभोवतीच फिरत राहिली. टी आणि ग्रीन यांच्यामधला आखूड गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. तो कोठे संपावा आणि मुद्दाम वाढू दिलेले गवत, म्हणजे रफ, कोठे सुरू व्हावे हे ठरवणारी कापणीची रेषा मात्र देखभालीची किरकोळ बाब मानली गेली. वस्तुतः होलचा डावपेच घडवण्यात ग्रीनखालोखाल वाटा याच रेषेचा असतो, आणि गेल्या पाऊणशे वर्षांतील या कलेची घसरण व अलीकडचा तिचा पुनरुद्धार ही दोन्ही याच रेषेवरून वाचता येतात.

डावपेचाच्या रचनेचे मूलतत्त्व असे की, खेळाडूला एकाच वाटेने हाकू नये. धोक्याच्या जवळून फटका मारणाऱ्याला ग्रीनकडे जाणारा पुढचा फटका सोपा मिळावा आणि धोका टाळणाऱ्याला तोच अवघड व्हावा. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर हे तत्त्व कोणा एका रचनाकाराने आणलेले नाही, ते जमिनीतूनच घडले. तेथील सोळाव्या होलवर फेअरवेच्या मध्यात ‘प्रिन्सिपल्स नोज’ हा बंकरांचा समूह आहे आणि उजवीकडे जुन्या रेल्वेमार्गाची हद्द आहे. या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत चेंडू टाकण्याचे धाडस करायचे की डावीकडून वळसा घ्यायचा, हे खेळाडूने स्वतः ठरवायचे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो यांनी इंग्लंडमधील वोकिंगच्या चौथ्या होलवर हीच योजना उतरवली आणि नीट मारलेला चेंडू जेथे पडे नेमक्या तेथेच, फेअरवेच्या मध्यभागी, बंकर खणला. सरळ फटक्याला शिक्षा का, म्हणून सभासद संतापले. परंतु हा बंकर पाहूनच टॉम सिम्पसन वकिली सोडून मैदानांच्या रचनेकडे वळला. मध्यावरचा बंकर अर्थपूर्ण ठरतो तो केवळ दोन्ही बाजूंना खेळण्याजोगे आखूड गवत असल्यामुळे. तेथे रफ वाढू दिले की तोच बंकर निव्वळ अडथळा होतो.

पुढच्या काळात नेमके हेच घडले. 1951 च्या यूएस ओपनसाठी रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी ओकलंड हिल्सच्या मैदानात चेंडू पडण्याच्या टप्प्यावर दोन्ही अंगांनी बंकर घालून फेअरवे आवळला. संपूर्ण स्पर्धेत सत्तरच्या आत केवळ दोनच फेऱ्या खेळल्या गेल्या आणि कठीण म्हणजेच उत्तम, असे समीकरण दृढ झाले. निवडीची जागा अचूकपणाच्या परीक्षेने घेतली. त्याहून सूक्ष्म हानी बंकरांच्या काठाशी झाली. फेअरवेची कड बंकरापासून चार-पाच पावले आत ओढली, की घरंगळत येणारा चेंडू वाळूपर्यंत पोहोचण्याआधीच रफमध्ये अडकतो. मग बंकराच्या काठाला खेटून चेंडू ठेवण्यातला लाभ संपतो आणि बंकर खेळातून बाद होऊन देखाव्यापुरता उरतो. असे रफच्या बेटावर पडलेले बंकर नामांकित मैदानांतही आजवर दिसतात, आणि इतकी मोठी चूक इतक्या कमी खर्चात दुरुस्त होण्याजोगी असूनही ती तशीच राहावी, हे खेदजनक आहे.

पुनरुद्धाराचे सर्वांत विचारी उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातील पाइनहर्स्ट क्रमांक 2 चे म्हणावे लागेल. डोनाल्ड रॉस यांनी घडवलेल्या या मैदानाला कालांतराने सरसकट हिरव्या रफचा वेढा पडला होता. 2010-11 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी तो रफ पूर्णपणे काढून वाळू आणि रानगवत परत आणले, जुन्या मध्यवर्ती जलवाहिनीचा माग काढून मूळ फेअरवेची दिशा निश्चित केली आणि तुषार-सिंचनाच्या सुमारे 1,150 तोट्यांपैकी जेमतेम 450 ठेवल्या. परिणामी तेथील फेअरवेची कड यंत्राने कापलेली उरली नाही; मधल्या तोट्यांचे पाणी जसजसे विरळ होते, तसतशी हरळीच्या जातीची ती हिरवळ तपकिरी होत वाळूत मिसळते. कडेला जमीन कडक असते, चेंडू तेथे अधिक घरंगळतो आणि फटक्याची चूक आपोआप मोठी होते.

या पुनरुद्धाराला खरे आव्हान आकडेवारीने दिले आहे. मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांचे विश्लेषण करून लांब पल्ल्याचे महत्त्व सिद्ध केल्यापासून, ग्रीनकडे कोणत्या कोनातून जावे याला फारसा अर्थ नाही, अंतर तेवढे महत्त्वाचे, असे मत बळावले. परंतु अरुंद फेअरवे हे त्यावरचे उत्तर नव्हे. 2020 च्या यूएस ओपनमध्ये विंग्ड फूटच्या अरुंद फेअरवेंवर ब्रायसन डीशॅम्बोने 56 पैकी केवळ 23 वेळा फेअरवे गाठला आणि तरीही सहा फटक्यांच्या आघाडीने विजय मिळवला; सर्वांचेच चेंडू रफमध्ये जात असतील, तर सर्वांत पुढे पोहोचणाराच फायद्यात राहतो. कोनाला अर्थ येतो तो जमीन टणक असताना, जेव्हा ग्रीनवर पडलेला चेंडू थांबत नाही, पुढे धावतो. भिजलेल्या ग्रीनवर कोठूनही आलेला चेंडू जागीच बसतो, आणि म्हणून कोनाचा निरुपयोग दाखवणारे आकडे मुख्यतः पाण्याच्या अतिवापराची साक्ष देतात. नव्या मैदानांतील ऐसपैस फेअरवेंनाही हीच कसोटी लावली पाहिजे: ग्रीन जर सर्व बाजूंनी सारखेच स्वागत करत असेल, तर ती रुंदी केवळ सुखसोय ठरते.

कापणीची दिशाही निरुपद्रवी नसते. ऑगस्टा नॅशनलवर फेअरवे ग्रीनकडून टीकडे कापले जातात. गवताची पाती खेळाडूच्या दिशेने झुकतात आणि चेंडूची घरंगळ घटते. कडेची समस्या मात्र अधिक चिवट आहे. यंत्र चालवणारा कामगार रफचे गवत चुकून खरवडले जाऊ नये म्हणून वळणावर किंचित आत राहतो, पुढच्या खेपेला तीच नवी कड ठरते, आणि काही वर्षांत कोणीही निर्णय न घेता फेअरवे आकसतो, वळणे सपाट होतात, बंकर दूर पडतात. कड पुन्हा बाहेर नेणे म्हणजे रफ एका दिवसात भादरणे नव्हे. गवताची उंची टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते आणि तेथे वेगळ्या जातीचे गवत रुजले असेल, तर ते बदलावेही लागते. जुन्या मैदानांच्या पुनरुद्धारासाठी आज दशकांपूर्वीची हवाई छायाचित्रे धुंडाळावी लागतात, याचे कारण कापणीची रेषा कोणी नोंदवून ठेवलीच नव्हती. ग्रीनच्या उतारांचे जसे मोजमाप जपले जाते, तसा फेअरवेच्या कडेचा नकाशाही रचनाकाराने ग्रीनकीपरच्या हाती सोपवला पाहिजे, आणि दर हंगामाच्या आरंभी कड त्या नकाशाशी ताडून पाहण्याचा प्रघात प्रत्येक क्लबने पाडला पाहिजे.