गाडीवाचून पान न हलणारा देश

अमेरिकेत घर घेताना आपण शाळेचं रेटिंग बघतो, बेसमेंट फिनिश्ड आहे का ते बघतो, प्रॉपर्टी टॅक्स विचारतो. कोपऱ्यावर चालत जाऊन दूध आणता येईल का, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. ते असं का ठरलं, हे ‘सबर्बन नेशन’ हे पुस्तक सांगतं. आंद्रेस द्वानी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क हे नगररचनाकार दांपत्य आणि त्यांचे सहकारी जेफ स्पेक यांनी ते २००० साली लिहिलं. आज पाव शतकानंतरही ते शिळं वाटत नाही.

लेखकांचं म्हणणं असं की हा पसारा आपोआप झालेला नाही, तो धोरणाने घडवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीची कर्जं गावाबाहेरच्या नव्या घरांकडे वळली. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे हायवे आखले गेले, आणि झोनिंगने घरं, दुकानं, ऑफिसं वेगळ्या कप्प्यांत टाकली. खाली किराणा दुकान आणि वर बिऱ्हाड, हे आपलं पेठेतलं घर इथल्या बहुतेक उपनगरांत चक्क बेकायदेशीर ठरेल! ‘शेजारी असणं’ आणि ‘पोचता येणं’ यांतला त्यांनी दाखवलेला फरक मला फार पटला. दुकान कुंपणापलीकडे दिसत असतं, पण तिथे जायला गाडी काढून मोठ्या रस्त्याला वळसा घालावा लागतो.

रस्ते रुंद करण्यावर तर लेखक अक्षरशः तुटून पडतात. नवीन लेन झाली की नवीन गाड्या येतात आणि रस्ता पुन्हा तुंबतो. ह्यूस्टनच्या केटी फ्रीवेने हे पुढे सिद्धच केलं. २००८ साली तो प्रचंड रुंद झाला आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळी पुन्हा रखडू लागला.

पुस्तकाचा गाभा म्हणजे या रचनेच्या बळींवरचं प्रकरण. मुलांना नेण्या-आणण्यात दिवस घालवणाऱ्या आया, कंटाळलेली टीनएजर मुलं, लायसन्स गेलेले म्हातारे, गाडी न परवडणारे गरीब. या यादीत आपले आई-बाबा नाहीत, आणि मला ते सारखे आठवत राहिले. तिकडे बाबा सकाळी फिरून, पेपर आणि भाजी घेऊन, कट्ट्यावर दोन शब्द बोलून घरी येत. सहा महिन्यांसाठी इकडे आले की शनिवार कधी येतो याची वाट बघतात. लायब्ररी दोन मैलांवर, पण वाटेत फुटपाथ संपतो. ‘इथे करमत नाही’ म्हणाले की आपण समजतो, त्यांना देशाची आठवण येतेय. त्यातलं निम्मं दुखणं त्या फुटपाथचं असतं.

आता थोडा हिशेब. ट्रिपल-एच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे नवी गाडी बाळगण्याचा वर्षाचा खर्च १२,२९७ डॉलर. अशा दोन गाड्या म्हणजे साडेचोवीस हजार. लांबचं घर स्वस्त म्हणताना हा आकडा आपण मॉर्गेजच्या शेजारी मांडतच नाही. आणि पैशात न मोजता येणारी किंमत म्हणजे पायी चालणाऱ्यांचे मृत्यू: २००९ साली ४,१०९ आणि २०२२ साली साडेसात हजारांवर.

निदान उत्तम, पण औषधाबद्दल मी साशंक आहे. लेखक स्वतःच नव्या वसाहती आखतात, त्यामुळे काही पानांवर माहितीपत्रकाचा वास येतो. फ्लोरिडातलं त्यांचं सीसाइड देखणं आहे, पण ते महागडं सुट्टीचं गाव झालं. १९९८ साली ‘द ट्रूमन शो’मधलं खोटं-खोटं गाव म्हणून तेच वापरलं गेलं, हा योगायोग बोलका आहे. मेरीलंडमधल्या त्यांच्या केंटलँड्समध्ये संध्याकाळी पायी फिरायला छान वाटतं, पण मेट्रोचं शेडी ग्रोव्ह स्टेशन काही मैल दूर, म्हणून कामाला जायला गाडी आहेच. अरुंद रस्ते आणि पुढचा व्हरांडा यांनी शेजार मिळतो, ट्रेन मिळत नाही. आणि आपण बहुतेक जण ज्या कारणासाठी दूर जातो, ती शाळा, तिच्याबद्दल पुस्तकाचं उत्तर मला अपुरं वाटलं.

तरी काही गोष्टी हलल्या आहेत. बफेलोने २०१७ साली इमारतींवरची किमान पार्किंगची सक्ती काढली. मिनियापोलिसने २०१८ च्या आराखड्यात एका घराच्या जागी तीन बिऱ्हाडांना वाट दिली. मागच्या अंगणातल्या छोट्या घरांचे, म्हणजे लेखकांच्या लाडक्या ‘ग्रॅनी फ्लॅट’चे नियम कॅलिफोर्नियाने २०१६ पासून सैल केले. आपल्याकडच्या मंडळींना ही कल्पना लगेच भुरळ घालेल. मात्र लेखक ती सुटी विकत नाहीत. त्यांच्या नकाशात त्या छोट्या घरापासून दुकान पाच मिनिटांच्या चालीवर असतं. आपल्या टाउनशिपमध्ये परवानगी निघाली तरी ते घर उभं राहील ते कल-डि-सॅकच्या टोकालाच.