'का'ची गाळलेली जागा

परवा वस्तीतल्या अभ्यासिकेत एका पोराचं गाइड हातात घेतलं. प्रश्न होता : महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला? पोरगं न बघता म्हणालं, '१९२७.' मी विचारलं, 'सार्वजनिक पाणवठे खुले करायचा बोल्यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनं १९२४ ला तो मानला. मग तळ्यावर जावं का लागलं?' पोरगं गप्प. त्याचा दोष नाही. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

दोस्तहो, हल्ली प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर 'चिकित्सक विचार' छापलेला असतो. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली शिकण्याची शिडी मांडली. तिच्यात आठवणं सगळ्यात खाली, विश्लेषण, मूल्यमापन वर. आमच्या पहिल्या पानावर वरची पायरी, प्रश्नपत्रिकेत खालची. पोरगं शिकतं ते प्रश्नपत्रिकेसाठी. तेव्हा आधी प्रश्न बदला.

हे परदेशी खूळ नाही. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं अभ्यासक्रमच मांडला : मोडी-बाळबोध, हिशेब, आणि जोडीला शेतीचं, आरोग्याचं ज्ञान. मास्तर असा, की ज्याला नांगर धरायची लाज वाटू नये. बाबासाहेब कोलंबियात ज्या ड्यूईंकडं शिकले, ते सांगत की अडचण आल्याशिवाय माणूस विचाराला लागत नाही. आमच्या पोरांकडं अडचणींचा काय तोटा? फक्त त्या वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवतात.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं. तेव्हा लढाई वर्गात शिरण्याची होती. आता वर्गात काय चालतं, याची आहे.

पण आपण तरी काय करतो? १४ एप्रिलला पोरांकडून भाषण पाठ करून घेतो, साल चुकलं की मार्क कापतो. पाठांतराच्या जोरावर ज्यांनी ज्ञान कोंडून ठेवलं, त्यांचीच ही रीत.

म्हणून अभ्यासिकेत एवढं करू. 'उजनी धरणाची माहिती लिहा' नको. उजनीचं पाणी कुणाच्या उसाला जातं, आपल्या नळाला किती दिवसांनी येतं, हे कोण ठरवतं, असं विचारू. पोरांनी महिनाभर नोंद ठेवावी, दुसऱ्या वस्तीशी ताडावी, कारण मांडावं; समोरच्यानं ते खोडावं. मार्क द्यायचे ते पुराव्याला.

त्या पोरानं महाडचा प्रश्न घरी नेलाय. रविवारी उत्तर आणतो म्हणालंय. तुम्हीही या, अन् जमलं तर ते खोडून दाखवा.