होतकरू खेळाडू आणि त्यांचे भविष्यवादी

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं तिच्या खरेपणाविषयीं शंका घेण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्यांचे पाय पाळण्यांत दिसले आणि पुढें दिसेनासे झाले, त्यांच्यासाठीं मात्र भाषेंत म्हण नाहीं, आणि लेखनांतहि त्यांना फारशी जागा नाहीं. क्रिकेटच्या होतकरू मुलांविषयीं आपल्या वर्तमानपत्रांतून व नियतकालिकांतून जें लिहिलें जातें, तें वाचतांना हें वैगुण्य विशेष जाणवतें. हें लेखन विपुल आहे, तें आवडीनें वाचलें जातें, आणि सुशिक्षित घरांतील निर्णय त्याच्या भरंवशावर होतात. तेव्हां कादंबरीची वा काव्याची परीक्षा जितक्या गंभीरपणें करावयाची, तितक्याच गंभीरपणें याचीहि करणें आम्हांस अवश्य वाटतें.

या लेखनाचा मूळ नमुना पाहावयाचा तर १९८८ च्या फेब्रुवारींतील हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्याकडे जावें लागतें. आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर या दोन विद्यार्थ्यांनीं सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धांवांची अभेद्य भागी केली. कांबळीच्या नाबाद ३४९, तेंडुलकरच्या नाबाद ३२६. त्यांच्यामागून खेळावयाचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाहीं. तिघेहि रमाकान्त आचरेकर यांचे शिष्य.

या तिघांचें पुढें काय झालें हें वाचकांस ठाऊक आहे. पण तें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे भविष्यवाद्यांची विद्या किती तोकडी आहे हें कळतें. तेंडुलकर दोनशें कसोटी सामने खेळला. कांबळीनें १९९३ मध्यें लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकें काढलीं, १७ कसोटींत ५४.२० च्या सरासरीनें १०८४ धांवा केल्या, आणि १९९५ मध्यें, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, तो आपली शेवटची कसोटी खेळला. मुझुमदारनें १९९४ मध्यें रणजी स्पर्धेंतील पदार्पणाच्या डावांत हरियाणाविरुद्ध २६० धांवा काढल्या. पदार्पणाचा हा जागतिक उच्चांक २०१८ पर्यंत टिकला. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यानें अकरा हजारांहून अधिक धांवा व ३० शतकें केलीं. भारताच्या संघांत मात्र तो एकदांहि खेळला नाहीं. आझाद मैदानावरच्या त्या धांवफलकावरून हे तीन मार्ग कोणास सांगतां आले असते? फलकाचाच आधार घ्यावयाचा तर पहिला क्रमांक कांबळीला द्यावा लागला असता. फलक खोटा नव्हता. त्यानें त्या दिवसाची हकीकत चोख सांगितली. उद्यांची हकीकत त्याच्या तोंडीं घातली ती लेखकांनीं.

पुढें हा परिपाठच झाला. 'भावी तेंडुलकर' या दोन शब्दांनीं किती मुलांचा नामकरणविधि उरकला गेला, त्याची गणती नाहीं. २०१३ मध्यें पृथ्वी शॉनें हॅरिस शील्डमध्यें ५४६ धांवा काढल्या तेव्हां तो चौदा वर्षांचा होता. २०१८ मध्यें त्याच्या नेतृत्वाखालीं भारतानें एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्याच वर्षीं त्यानें आपल्या पहिल्या कसोटींत शतक झळकाविलें. २०२० च्या डिसेंबरानंतर कसोटी संघाचीं दारें त्याला बंद झालीं, आणि २०२४ च्या आयपीएलच्या लिलावांत त्याच्यावर कोणीं बोलीहि लावली नाहीं. ज्या लेखण्यांनीं त्याला चौदाव्या वर्षीं सिंहासनावर बसविलें, त्याच लेखण्यांनीं पंचविसाव्या वर्षीं त्याला वाया गेलेला ठरविलें. दोन्ही निकाल एकाच घाईंतून निघालेले आहेत.

याहून बोलकें उदाहरण प्रणव धनावडे याचें. जानेवारी २०१६ मध्यें कल्याण येथें एका आंतरशालेय सामन्यांत या पंधरा वर्षांच्या मुलानें नाबाद १००९ धांवा केल्या. प्रतिपक्षाचा पहिला डाव ३१ धांवांत आटोपला होता, ही गोष्ट बातमींत होती. पण गुणग्रहणाच्या वेळीं तिचें वजन फारसें कोणीं धरलें नाहीं. मुंबई क्रिकेट असोसिएशननें त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ति दिली. पुढच्या वर्षीं मुलाचा खेळ उतरला, तेव्हां रिक्षा चालविणाऱ्या त्याच्या वडिलांनीं ती शिष्यवृत्ति बंद करावी असें असोसिएशनला लिहून कळविलें. स्तुतीचे रकाने भरणाऱ्या विद्वानांपैकीं कितीजणांनीं आपापले शब्द अशा रीतीनें परत घेतले?

अमेरिकेंत बेसबॉलच्या मोठ्या संघांच्या पदरीं खालच्या पायरीचे उपसंघ असतात. होतकरू खेळाडू तेथें वर्षानुवर्षें घासले जातात, आणि कोण वर चढेल, कोण खालींच राहील याचे अंदाज बांधणें हा तेथील रसिकांचा एक व्यासंगच आहे. खालच्या पायरीवरील बहुसंख्य खेळाडू वरच्या मैदानावर कधींच पोंचत नाहींत. परंतु तेथील खेळाडू निदान करारानें बांधलेला व पगारी असतो, मग तो पगार तुटपुंजा कां असेना. आपल्याकडे ज्याच्याविषयीं अंदाज बांधावयाचे तो बहुधा शाळेंत शिकणारा मुलगा असतो, आणि त्याचा खर्च त्याचा बाप सोसत असतो. आतां लिलावाचा हातोडाहि या वयापर्यंत पोंचला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें बिहारच्या वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलाला एक कोटि दहा लक्ष रुपयांची बोली लागली, आणि पुढच्या एप्रिलांत त्यानें ३५ चेंडूंत शतक काढलें. त्याच्या गुणांविषयीं वाद नाहीं. परंतु असा एक अपवाद खरा ठरला कीं हजार घरांचे हिशेब चुकतात, हें त्याच्यावर लिहिणारांनीं विसरूं नये.

या हिशेबाचें सर्वांत निर्भीड चित्र आम्हांस मराठींत सांपडलें नाहीं. तें अरविंद अडिगा यांच्या 'सिलेक्शन डे' या २०१६ सालच्या इंग्रजी कादंबरींत आहे. मुंबईच्या झोपडवस्तींत राहून चटणी विकणारा मोहन कुमार आपल्या राधा व मंजू या दोन मुलांना जगांतील श्रेष्ठ फलंदाज करण्याचा पण करतो. एक धनिक दरमहा पैसे पुरवितो व त्याच्या मोबदल्यांत मुलांच्या भावी मिळकतींत वांटा लिहून घेतो. शेत गहाण पडावें तसें येथें मुलाचें भविष्य गहाण पडतें, आणि तें मुलाला न विचारतां. धाकट्या मंजूच्या हातीं कला आहे, पण त्याचें मन शास्त्राकडे ओढतें. हा पेंच अडिगांनीं मोठ्या समजुतीनें रंगविला आहे. कादंबरींत उणीव आहे ती दुसऱ्या बाजूला. उपहासाच्या भरांत खेळाचा निखळ आनंद त्यांच्या हातून निसटतो. क्रिकेट म्हणजे केवळ सांपळा, असें वाचकाला वाटूं लागतें. आणि सांपळाच असता तर मुलें त्याच्याकडे इतक्या ओढीनें कां धांवलीं असतीं, याचें उत्तर मिळत नाहीं. आपलीं वर्तमानपत्रें मुलांत उद्यांचा वीर पाहतात, अडिगा उद्यांचा बळी पाहतात. आज चेंडू खेळणारा मुलगा दोघांच्याहि नजरेंतून सुटतो.

आम्ही राहतों त्या पनवेलास हा प्रश्न परका नाहीं. पहाटेच्या लोकलमध्यें आपल्या उंचीएवढी पिशवी सांभाळीत मुंबईच्या मैदानांकडे निघालेलीं मुलें येथें नित्य दिसतात. त्यांचे आईबाप अविचारी नव्हेत. त्यांनीं वाचलेलें असतें कीं अमुक मुलगा असाच लांबून येत असे व आज तो कोट्यधीश आहे. त्याच डब्यांतून आलेल्या बाकीच्या मुलांचें काय झालें, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें. मग नववी-दहावीचा अभ्यास मागें पडतो, घरची शिल्लक खर्ची पडते, आणि संघनिवडीच्या यादींत नांव नसलें म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा स्वतःच्याच घरांत अपराध्यासारखा वावरूं लागतो. असे मुलगे पुढें आमच्या वर्गांत येऊन बसतात. त्यांना आपण खेळत होतों हें सांगण्याचीहि लाज वाटते. चांगल्या खेळाची आठवण लाज वाटण्याजोगी व्हावी, याला खेळ कारण नाहीं, आपली मोजण्याची रीत कारण आहे.

ही रीत किती खोल रुजली आहे हें २ नोव्हेंबर २०२५ च्या घटनेनें दाखविलें. आमच्या शेजारच्या नेरूळ येथील डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धांवांनीं पराभव करून विश्वचषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. ज्याची पाळी आली नाहीं त्याच्या जीवनाचें अखेर सार्थक झालें, असा सूर चहूंकडून निघाला. त्या आनंदांत आम्हीहि सहभागी होतों. पण हा सूर आम्हांस मान्य नाहीं. ते अंतिम सामना हरले असते, तर अकरा हजार धांवा निरर्थक ठरल्या असत्या काय? रणजीच्या सामन्यांत सकाळच्या ओल्या हवेंत नवा चेंडू खेळून काढणें हें स्वतःच एक पूर्ण कार्य आहे. पुढच्या बक्षिसाची तें पावती नव्हे.

१९४८ पासून मुंबईंत पावसाळ्यांत कांगा लीग खेळली जाते. तेथें शाळकरी मुलगा, कचेरींतला कारकून व नांवाजलेला खेळाडू एकाच भिजलेल्या खेळपट्टीवर उभे राहतात, आणि त्या दिवशींच्या खेळापुरते सगळे सारखे असतात. आमच्या टीकाकारांनीं अशा एखाद्या सामन्याला पूर्ण दिवस बसावें, आणि मुलाचा पाय चेंडूच्या रेषेंत गेला कीं नाहीं, उसळता चेंडू त्यानें सोडला कीं मारला, बाद झाल्यावर तो कसा परतला, तेवढेंच लिहावें. 'भावी' हा शब्द त्यांनीं कांहीं वर्षें वापरूं नये. आणि मुलगा घरीं आला म्हणजे आईबापांनीं यादीची चौकशी करण्याआधीं, आज कसा खेळलास, एवढें विचारावें.