कृष्णकांताच्या दौलतीचे सोळा आणे

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘कृष्णकान्तेर उइल’ या कादंबरीविषयीं जी चर्चा होते, तींत बहुतेक सारी जागा रोहिणी अडविते. त्या विधवेचा शेवट गोविंदलालाच्या गोळीनें व्हावा, हा न्याय कीं अन्याय, याचा खल शरच्चंद्रांपासून पुष्कळांनीं केला आहे. तो वाद निरर्थक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ग्रंथाचें नांव रोहिणीवरून ठेवलेलें नाहीं, भ्रमरावरूनही नाहीं. तें एका कागदावरून ठेविलें आहे, आणि तेंही इंग्रजी शब्दानें. १८७८ सालीं हें पुस्तक निघालें तेव्हां ग्रंथकर्त्यांची सरकारी नोकरी वीस वर्षांची झाली होती; दस्तऐवज माणसांचें काय करितो हें त्यांनीं कचेरींत पुष्कळ पाहिलें असलें पाहिजे. म्हणून आम्ही हा ग्रंथ दौलतीच्या वांटणीची कथा म्हणून वाचूं इच्छितों.

हरिद्राग्रामचा जमीनदार कृष्णकांत राय याच्या जमीनदारीचा नफा सुमारें दोन लक्ष रुपये. ही दौलत त्यानें व त्याचा भाऊ रामकांत यानें मिळून कमाविली. पण परस्परांवर भरंवसा होता, म्हणून सारी खरेदी कृष्णकांताच्या एकट्याच्या नांवें. मुलगा झाल्यावर रामकांताला लेखी कांहीं व्हावें असें वाटलें, परंतु तें होण्यापूर्वींच तो वारला. कृष्णकांत लबाड नव्हे. आपल्या मागें मुलें पुतण्याला फसवितील या भीतीनेंच तो मृत्युपत्र करितो. गोविंदलाल पुतण्या, त्याला आठ आणे. हरलाल व विनोदलाल या मुलांना तीन-तीन. पत्नीला एक व कन्या शैलवती हिला एक. सोळा आणे बरोबर भरले. हरलाल भांडला, तेव्हां दुसऱ्या कागदांत त्याला एकच आणा उरला. त्यानें कलकत्त्याहून विधवेशीं लग्न लावण्याची धमकी दिली (१८५६ च्या कायद्यानें त्या लग्नाला मुभा मिळाली होती), तेव्हां त्याचा वांटा शून्यावर आला.

येथें मराठी वाचकानें थोडें थांबावें. आपल्याकडे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप रागावला म्हणून तो नाहींसा होत नाहीं. बंगालांत जीमूतवाहनाचा दायभाग चाले. तेथें बाप जिवंत असेपर्यंत मुलाला कसलाच हक्क नसे. या भूमीवर इंग्रजी ‘विल’चें रोप लाविलें गेलें आणि तें झपाट्यानें फोफावलें. तथापि हरलालाची गोष्ट सोडून द्यावी. दौलत स्वकष्टार्जित होती, आणि आमच्या न्यायालयांनींही स्वकष्टार्जिताबाबत बापाला मोकळीक दिलेलीच आहे. खरा प्रश्न गोविंदलालाचा आहे. त्याचे आठ आणे चुलत्याची देणगी नव्हेत. ते त्याच्या बापानें मिळविलेले आहेत. मिताक्षरा घ्या कीं दायभाग घ्या, दोघां भावांनीं मिळून कमाविलेल्या धनांत रामकांताचा अर्धा वांटा त्याच्या मुलाचा. असें असतां कृष्णकांत, अगदीं सद्धेतूनें, तो हक्क आपल्या मृत्युपत्रांत एक कलम म्हणून लिहितो. आणि ज्या क्षणीं हक्क कलम होतो त्याच क्षणीं तो बदलतां येण्याजोगा होतो. ग्रंथांतील सारा अनर्थ येथें आहे. रोहिणी कपाटांतील कागद बदलते तें नंतर.

म्हातारा मरतांना हेंच करितो. गोविंदलालाचें पाऊल वांकडें पडलें असें कानीं आलें, म्हणून त्याला धडा शिकविण्यासाठीं तो त्याचें नांव खोडून त्याच्या पत्नीचें, भ्रमराचें, नांव घालतो. नवराबायकोंत आधींच रुसवा होता. सासरच्या माणसांनीं समजूत घातली असती तर तो निवळलाही असता. परंतु आतां नवरा बायकोच्या अन्नावर जगणारा झाला. भ्रमर तें मृत्युपत्र मानीत नाहीं. ती आपण होऊन सर्व मिळकतीचें बक्षीसपत्र नवऱ्यापुढें ठेविते. तो तें फाडतो. तेव्हां ती सांगते कीं याची नक्कल सरकारांत आहे, फाडून उपयोग नाहीं. या प्रसंगाइतका भेदक प्रसंग आम्हांस या कादंबरींत दुसरा आढळला नाहीं. पतीच्या पायांवर सर्वस्व वाहणारी स्त्री आणि नोंदणी कचेरींतील नक्कल, यांस एका वाक्यांत आणणें हें बंकिमचंद्रांनाच साधलें. दुसरा कोणी येथें चार पानें अश्रू ढाळता.

मात्र येथून पुढें लेखकाची पकड सैल होते. प्रसादपुरचा बंगला, पिस्तूल, खटल्यांतील साक्षीदारांची फितुरी, अखेरचा संन्यास, यांत वेग आहे, परंतु ज्या गांठीपासून कथा निघाली ती हातून सुटते. विनोदलाल तर पांच आण्यांचा धनी असून माणूस म्हणून कोठें दिसतच नाहीं. आणि हे दोन लक्ष रुपये ज्या रयतेच्या शेतांतून येतात ती रयत कोठें आहे? सोळा आण्यांच्या हिशेबांत तिला जागा नाहीं, हें एका परी खरेंच चित्र म्हणावें. पण लेखकाला तें जाणवलें होतें असें मानण्यास ग्रंथांत आधार नाहीं.

मृत्युपत्राची केवळ निंदा करणेंही आम्हांस मान्य नाहीं. शैलवतीचा एक आणा आठवावा. भाऊ असतां कन्येला शास्त्रानें वारसा दिला नव्हता. तिला जें मिळालें तें बापाच्या लेखणीनें. १९५६ च्या कायद्यानें मुलीला वारसांत जागा दिली, आणि त्याच कायद्यानें मिताक्षरा कुटुंबांतील पुरुषाला आपल्या अविभक्त हिश्शाचेंही मृत्युपत्र करण्याची मुभा दिली. म्हणजे शैलवती आणि कृष्णकांत हे दोघेही एकाच दारानें आमच्या घरांत शिरले. २००५ सालीं तर मुलगीही जन्मतः सहदायाद झाली. परंतु बापाच्या स्वतंत्र मिळकतीवरील त्याची लेखणी अद्याप मोकळीच आहे.

इतक्या कागदांनंतर गोविंदलालाकडील दौलत शेवटीं त्याच्या भाच्याला, शचीकांताला, मिळते. दायभागाप्रमाणें भाचा जवळचा वारस. मिताक्षरेच्या क्रमानें मात्र १९२९ पर्यंत तो साऱ्या सगोत्रांच्या मागें उभा असे, आणि तीच दौलत आमच्याकडे असती तर विनोदलालाच्या घरीं गेली असती.