परमुलखातले मिशनघर : कृपाबाई सत्यनाथन यांचे मद्रास

मिशनच्या विचाराने भारलेल्या जोडप्याचा प्रवास मराठी कादंबरीच्या आरंभापासूनच तिच्या सोबत आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विनायकराव आणि यमुना हे तरुण जोडपे प्रवासाला निघते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या वाचकापुढे येतात. तेथे प्रवास हे साधन आहे. जोडप्याची चूल, मुक्कामातील गैरसोय, परक्या भाषेची अडचण यांविषयी पदमनजींना फारसे सांगायचे नाही. त्यांचे लक्ष कहाण्यांतून उभ्या राहणाऱ्या युक्तिवादाकडे आहे. प्रत्यक्षात अशा जोडप्यांची दिनचर्या कशी होती, घर सोडून परमुलखात राहिलेल्या स्त्रीने ती कोणत्या भाषेत आणि कोणत्या वाङ्मयप्रकारात लिहिली, हा प्रश्न मराठी समीक्षेने बव्हंशी लक्ष्मीबाई टिळकांच्या संदर्भात हाताळला. त्या प्रश्नाची दुसरी, तितकीच महत्त्वाची बाजू मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत सापडते.

कृपाबाई सत्यनाथन (१८६२–१८९४) जन्माने अहमदनगरच्या. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे मुंबई इलाख्यातील आरंभीच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांपैकी एक. हरिपंत अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते होते आणि १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. चौदा भावंडांत तेराव्या असलेल्या कृपाबाईंचे वडील त्यांच्या लहानपणीच वारले. मुंबईच्या झनाना मिशनच्या शाळेत शिकल्यावर वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची संधी पुढे आली, पण नाजूक प्रकृतीमुळे तो बेत सोडावा लागला. १८७८ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. या कॉलेजाने स्त्रियांना प्रवेश देण्यास १८७५ मध्येच सुरुवात केली होती. मद्रासमध्ये त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन आणि त्यांच्या पत्नी अॅना यांच्या घरी राहिल्या. वर्षभरात प्रकृती ढासळली आणि वैद्यकीचा अभ्यास थांबला. त्याच घरातील सॅम्युअल सत्यनाथन केंब्रिजहून परतल्यावर १८८१ मध्ये दोघांचा विवाह झाला.

चरित्राचे हे तपशील येथे एका कारणासाठी आवश्यक आहेत. कृपाबाई एका मिशनघरातून दुसऱ्या मिशनघरात गेल्या, आणि ही दोन घरे एकसारखी नव्हती. अहमदनगरचे घर पहिल्या पिढीच्या धर्मांतराचे होते. तेथे तुटलेल्या नात्यांची जखम ओली होती. चिंताद्रिपेठेतील घर तिरुनेलवेलीच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेशी बांधलेले होते. अॅना या चर्च मिशनरी सोसायटीचे दक्षिणेतील पहिले भारतीय पाळक जॉन देवसहायम यांच्या कन्या. त्यांच्यासाठी ख्रिस्ती असणे ही वारशाने आलेली गोष्ट होती. अॅना मद्रासच्या घराघरांतून झनाना भेटी देत, मुलींच्या शाळा चालवीत. पती झायन चर्चचे पाळक होते. हे चर्च मुळात ज्या अमेरिकन मिशनने बांधले, त्याच संस्थेच्या शाखेने अहमदनगरचे मिशन १८३१ मध्ये स्थापिले होते. बॉस्टनमधील एकाच समितीच्या दोन टोकांवर कृपाबाईंचे माहेर आणि सासर उभे होते, असे म्हणता येईल. भाषा, जेवण, पेहराव आणि हवा मात्र सर्वस्वी परकी होती. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला ‘परदेशी’ म्हणण्याची रीत ज्या मराठीत होती, त्या मराठीच्या हिशेबाने मद्रासला सासरी गेलेली नगरची मुलगी परदेशातच गेली.

‘सगुणा’ ही स्वानुभवपर कादंबरी ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझीन’मधून १८८७–८८ मध्ये क्रमशः आली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्या रचनेतील एक विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. आईवडिलांच्या सहजीवनाला कादंबरीत ऐसपैस जागा मिळते. सगुणाच्या स्वतःच्या सहजीवनाच्या उंबरठ्यावर कादंबरी संपते. राधेची कथा तपशिलाने येते. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून तिला मनाविरुद्ध त्याच्यासोबत जावे लागते. अन्नाचा आणि स्पर्शाचा विटाळ तिला छळतो. मग सोवते काय, सुटते काय, हे हळूहळू उलगडते. धर्मांतराच्या साहित्यात सामान्यतः ज्याला प्रकाश दिसतो त्याची बाजू येते. येथे ज्या स्त्रीला काहीच दिसलेले नाही, जी केवळ नवऱ्याच्या मागे ओढली गेली आहे, तिची बाजू मुलगी लिहिते. कृपाबाईंच्या लेखनातला हा सर्वांत बळकट भाग आहे, आणि लेखिकेने जो काळ स्वतः पाहिलेला नाही त्या काळाचा आहे, हे विशेष.

हीच वस्तू चाळीसेक वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४–३६) मांडली, तीही त्याच अहमदनगरच्या मिशनच्या परिसरातून. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांचा ताण दोन्ही पुस्तकांना जोडतो. फरक असा की, लक्ष्मीबाई स्वतःच राधा आहेत आणि स्वतःच लेखिकाही. त्यांना दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलावे लागत नाही, म्हणून त्यांना हसता येते. कृपाबाईंच्या राधेला हसू येत नाही. मुलीच्या मनातील आईविषयीचा आदर विनोदाला वाट देत नाही, आणि इंग्रजी गद्याची व्हिक्टोरियन सभ्यताही ती देत नाही. तुळशी, सोवळे, चूल यांविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंना काहीही समजावून सांगावे लागत नाही. कृपाबाईंना प्रत्येक वेळी वाचकासाठी थांबावे लागते. ‘सगुणा’च्या पूर्वार्धातील अनेक परिच्छेदांना जो किंचित जडपणा आहे, तो या थांबण्याचा आहे.

मग त्यांनी मराठीत का लिहिले नाही? या प्रश्नाला वासाहतिक शिक्षणाचे ठरीव उत्तर दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मराठीभाषक पत्नी आणि तमिळभाषक पती यांच्या संसाराची समान भाषा व्यवहारतः इंग्रजीच असणार. ज्या भाषेत दिवसाचा हिशेब आणि रात्रीचे बोलणे होते, ती भाषा केवळ सत्तेची म्हणून बाजूला काढता येत नाही. लक्ष्मीबाईंची मराठी ही जशी टिळकांशी भांडण्याची भाषा होती, तशी कृपाबाईंची इंग्रजी ही सॅम्युअलशी संसार करण्याची भाषा होती. भारतीय इंग्रजी साहित्याच्या इतिहासाने ‘घरातली इंग्रजी’ ही कोटी फारशी गंभीरपणे घेतलेली नाही. भिन्नभाषक ख्रिस्ती विवाहांचा विचार केल्याशिवाय ती नीट समजणारही नाही.

या संसाराचा बराचसा काळ प्रवासात गेला. सॅम्युअल उटकमंडच्या ब्रीक्स मेमोरियल स्कूलचे मुख्याध्यापक झाले आणि तेथे कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. १८८४ मध्ये राजमहेंद्री, पुढच्या वर्षी कुंभकोणम आणि १८८६ मध्ये पुन्हा मद्रास असा हा क्रम आहे. पतिपत्नी रूढ अर्थाने मिशनरी नव्हते. सॅम्युअल शिक्षणखात्यातले होते. परंतु बदली होईल त्या गावी पत्नीने शाळा काढावी, बायकांच्या भेटी घ्याव्यात, आजारपण सांभाळत लिहावे, ही दिनचर्या सासूच्या झनाना मिशनमधूनच आलेली दिसते. कुंभकोणमला तर भोसल्यांच्या राजवटीपासून मुरलेली मराठी आसपास होती. त्या देशस्थ घरांचे आणि या ख्रिस्ती घराचे दरवाजे एकमेकांसाठी कितपत उघडत असतील, याची कल्पना करणे अवघड नाही.

उटकमंडच्या मुक्कामातून कृपाबाईंचे पहिले प्रसिद्ध लेखन आले. तोडांच्या वस्तीला दिलेल्या भेटीविषयीचा हा लेख ‘साउथ इंडिया ऑब्झर्व्हर’मध्ये ‘अॅन इंडियन लेडी’ या सहीने छापला गेला. तोडा हा तोवर इंग्रजांचा आवडता विषय झाला होता. ज्यांच्या नावाने सॅम्युअलची शाळा होती, ते निलगिरीचे पहिले कमिशनर जेम्स ब्रीक्स यांचे तेथील आदिम जमातींवरील पुस्तक त्यांच्या विधवा पत्नीने संपादून १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी विल्यम मार्शल यांचे कवटीशास्त्राच्या अंगाने लिहिलेले पुस्तकही निघाले. म्हणजे कृपाबाईंच्या हाती विषय आला तो आधीच घडवलेल्या साच्यासह. अहमदनगर आणि मुंबईत ज्या मुलीने मिशनबाईंची आश्रयदात्याची नजर अंगावर झेलली आणि पुढे ‘सगुणा’त तिच्याविषयीची नाराजी नोंदवली, तीच येथे ‘भेट’ देणारी झाली आहे. टोपणनावातला ‘इंडियन’ हा शब्द इंग्रज लेखिकांपासून वेगळेपणा सांगतो, तर ‘लेडी’ हा शब्द तोडा स्त्रीपासून. दोन शब्दांत दोन अंतरे आहेत आणि दुसऱ्या अंतराविषयी लेखिकेला पहिल्याइतकी अस्वस्थता नाही. हा दोष झाकण्याचे कारण नाही.

‘बाय अ लेडी’ ही सही मद्रास इलाख्यात नवी नव्हती. १८४३ मध्ये लंडनहून निघालेले ‘लेटर्स फ्रॉम मद्रास’ हे पत्रांचे पुस्तक याच सहीने आले. लेखिका ज्युलिया मेटलंड. पत्रे लिहिली तेव्हाचे त्यांचे पती राजमहेंद्रीला न्यायाधीश होते आणि तेथे त्यांनीही शाळा चालवली होती. जवळजवळ पन्नास वर्षांच्या अंतराने त्याच गोदावरीकाठच्या गावात दोन स्त्रिया नवऱ्याच्या नोकरीमागून येऊन राहिल्या. ज्युलियांची पत्रे गमतीदार, तिखट आणि मायदेशी परतण्याचा भरवसा असलेल्या माणसाची आहेत. कृपाबाईंना राजमहेंद्रीत आजारपणाने गाठले. गोदावरी ही त्यांच्या आईवडिलांच्या मुलखातूनच वाहत आलेली नदी, पण नदीच्या उलट दिशेने जाऊन पोचावे असे घर आता उरलेले नव्हते. तौलनिक अभ्यासाने ही दोन लेखने शेजारी ठेवून वाचायला हवीत.

प्रवासवर्णनाची वाटणीही या जोडप्यात मोठी बोलकी आहे. इंग्रजी विद्यापीठातील चार वर्षांवर सॅम्युअलने पुस्तक लिहिले (१८९०), पुढे युरोप-अमेरिकेच्या सहलीवर दुसरे. इंग्लंडला जाता न आलेल्या पत्नीच्या वाट्याला जिल्ह्याजिल्ह्यांतली बदली आली. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ मध्ये निघाले, ते ‘सगुणा’च्या लगोलग. रमाबाई तेव्हा एकट्या होत्या. कोणाच्या बदलीमागून त्यांना जायचे नव्हते, म्हणून त्या संस्था, कायदे, आकडे यांविषयी थेट बोलतात. कृपाबाईंचा सामाजिक विचार मात्र कादंबरीतील घरांच्या आडून येतो. ‘कमला’ (१८९४) लिहिताना तर त्यांनी ख्रिस्ती घर पूर्णपणे मागे टाकले आणि परत दख्खनच्या हिंदू घरात शिरल्या. मूल वर्षाच्या आत गेलेले, सासू १८९० मध्ये गेलेली, स्वतःला असाध्य आजार, अशा दिवसांत मद्रासमध्ये बसून त्यांनी मराठी मुलीची गोष्ट पुरी केली. मद्रासविषयी मात्र त्यांनी फार थोडे लिहिले. ज्या गावात राहिल्या, त्या गावाने त्यांना मागचे गाव लिहायला दिले, एवढेच.

अॅना यांचे मातृधर्मावरील ‘नल्ल ताय’ हे पुस्तक तमिळमध्ये होते आणि तमिळ घरांतूनच वाचले गेले. सुनेची पुस्तके इंग्रजीतून आली आणि लवकरच, १८९६ मध्ये, तमिळमध्ये अनुवादित झाली. राधा आणि कमला या नगर-नाशिककडच्या बायका मराठीत बोलण्याआधी तमिळमध्ये बोलू लागल्या. सॅम्युअल १९०६ मध्ये परदेशदौऱ्यावर असताना योकोहामा येथे वारले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी कमला सत्यनाथन यांनी मद्रासहून ‘इंडियन लेडीज मॅगझीन’ हे मासिक चालवले आणि ‘इंडियन लेडी’ ही सही एका मासिकाच्या नावात जाऊन बसली. १९९८ मध्ये ऑक्सफर्डने दोन्ही कादंबऱ्या पुन्हा छापल्या; २००५ मध्ये युनिस डिसूझा यांनी या कुटुंबाच्या लेखनाचे संकलन साहित्य अकादमीसाठी केले. या पुनर्शोधात कृपाबाई ‘पहिली भारतीय इंग्रजी कादंबरीकार स्त्री’ म्हणून येतात. मराठी वाङ्मयेतिहास भाषेच्या निकषावर त्यांना बाहेर ठेवतो आणि त्याच निकषावर ‘स्मृतिचित्रे’ला एकाकी शिखर ठरवतो. ‘सगुणा’तील राधेला शेजारी उभे केले, तर लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे मूळ कोणत्या दुःखाशी झगडत होते, हे अधिक स्पष्ट दिसते, आणि राधेच्या न हसण्याचा अर्थही.