घर कोणाच्या नावावर?

गरजेपोटी दोघं एका छताखाली राहायला येतात, कुरबुरी होतात आणि त्यातून प्रेम जमतं, हा साचा सध्या कादंबऱ्यांत आणि मालिकांत जोरात चालतो. पण घर ज्याचं, शब्द त्याचा. हा असमतोल लेखक कसा सोडवतो, इथे अशा कथेचा कस लागतो.

शार्लट ब्राँटेची १८४७ सालची ‘जेन एअर’ या कसोटीला आजही उतरते. जेन ही रॉचेस्टरच्या वाड्यात पगारी शिक्षिका. वाडा सोडून गेलेली ती परत येते तेव्हा तो जळालेला असतो, रॉचेस्टर आंधळा झालेला असतो आणि तिला काकांचे २०,००० पौंड मिळालेले असतात. तीन भावंडांना समान वाटे देऊनही तिच्याकडे ५,००० उरतात. जवळ राहू देत नसाल तर शेजारी स्वतःचं घर बांधीन, असं ती त्याला सुनावू शकते. नुसत्या प्रेमाने हे बळ आलं नसतं.

मुंबईने हा प्रश्न जागेच्या टंचाईतून मांडला. राजा ठाकूरांच्या ‘मुंबईचा जावई’त (१९७०) नवदांपत्याला एकांत मिळत नाही, तिथे हसून वेळ निभावते. भीमसैन यांच्या ‘घरौंदा’त (१९७७) निभावत नाही. बिल्डर सुदीप आणि छाया या प्रेमिकांचे पैसे बुडवतो आणि सुदीपच छायाला सुचवतो, की आजारी, श्रीमंत साहेबाशी लग्न कर, तो काही फार जगायचा नाही. ती लग्न करते आणि हळूहळू त्या संसारात खरोखर रमते. सुदीप (अमोल पालेकर) आणि साहेब (डॉ. श्रीराम लागू) यांच्यापैकी खलनायक कोण, हे चित्रपट ठरवून देत नाही. ब्लॉकसाठी माणूस काय गहाण टाकतो, ते मात्र स्पष्ट दाखवतो.

कोरियन मालिका ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ (२०१७) हाच हिशेब उघडपणे मांडते. कर्जात बुडालेला घरमालक, बेघर झालेली लेखिका आणि दोघांच्या सोयीचं करारी लग्न. बायको झाल्यावरही ती भाडं भरते, म्हणूनच नात्याबद्दल चार प्रश्न विचारू शकते. बेथ ओलिअरीच्या ‘द फ्लॅटशेअर’मध्ये (२०१९) टिफी आणि लिऑन एकच पलंग वेगवेगळ्या वेळी वापरतात; तो रात्रपाळीचा नर्स. चिठ्ठ्यांतून फुलणारी ओळख गोड आहे. पण महिना ३५० पौंडांत ही सोय का पत्करावी लागली, हा प्रश्न प्रेम जमल्यावर मागे पडतो. बहुतेक नव्या कथांचं दुखणं हेच आहे: प्रेम जमलं की भाडेकरार अदृश्य होतो.

आपल्याकडे अकरा महिन्यांचे करार आहेत, रखडलेला पुनर्विकास आहे, एकट्या मुलीला जागा नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत. मराठी लेखकांनी यावर प्रेमकथा जरूर लिहाव्यात. फक्त शेवटच्या पानावर घर कोणाच्या नावावर आहे, तेही सांगावं.